नाक : शरीराच्या वेशीवरील पहारा

सर्दी-पडसे हा आजार म्हणून मोजण्याची आपल्याकडे पद्धत नाही. औषध घेतले तर सात दिवसांत आणि न घेतले तर आठवड्याने बरे होणारे दुखणे, एवढीच त्याची किंमत. त्यामुळे ज्या अवयवांत हे दुखणे उद्भवते ते नाक आणि घसा यांनाही आरोग्याच्या गंभीर विचारात क्वचितच जागा मिळते. मराठी माणसाच्या लेखी नाक हा प्रतिष्ठेचा विषय आहे. ते कापले जाऊ नये म्हणून तो जपतो. पण श्वसनाचा अवयव म्हणून त्याची विचारपूस करीत नाही. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हाही हेच घडले. जिल्ह्याजिल्ह्यांतून खाटांची मोजदाद झाली, कृत्रिम श्वसनयंत्रे आणली गेली, आणि एप्रिल २०२१ मध्ये तर कारखान्यांना जाणारा प्राणवायू रुग्णालयांकडे वळवावा लागला. पोलादाच्या कारखान्यांवर जगणाऱ्या जालन्यासारख्या शहराला या निर्णयाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. हे सारे आवश्यकच होते. तथापि ही सगळी तयारी रोग फुप्फुसांत उतरल्यानंतरच्या लढाईची होती. त्यापूर्वी एक लढाई होऊन गेलेली असते, आणि बहुतेक वेळा ती आपण जिंकतो, याची नोंद कोठेच होत नाही.

जालना शहराला एके काळी मातीचा तट होता. तो केव्हाच ढासळला. मूर्ती दरवाजा आणि हैदराबाद दरवाजा ही वेशींची नावे मात्र टिकून राहिली. तटाचे महत्त्व कोणी नाकारीत नाही, परंतु गावात येणारा-जाणारा वेशीतूनच येतो, आणि तेथला पहारेकरी जागा असला तर गावात लढाईची वेळच येत नाही. मानवी शरीराची गोष्ट याहून वेगळी नाही. प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर धूळ, परागकण, बुरशीचे कण, जिवाणू आणि विषाणू हेही आत येतात. तरीही माणूस रोज आजारी पडत नाही. याचे श्रेय प्रथमतः नाकाला आणि घशाला आहे. हा पहारा कसा चालतो, तो कशाने दुबळा होतो आणि तो सबळ ठेवण्यासाठी समाजाने काय करावयास हवे, याचा विचार रुग्णालयातील खाटांच्या विचाराइतकाच निकडीचा आहे.

वेशीवरील व्यवस्था

नाक ही केवळ हवा जाण्याची नळी असती तर ती सरळ आणि गुळगुळीत असती. प्रत्यक्षात नाकपुडीच्या तोंडाशी राठ केस असतात आणि आतल्या बाजूस शिंपल्यासारख्या वळणदार अस्थींचे तीन तीन उंचवटे असतात. त्यांच्यामुळे हवेला वळसे घेत जावे लागते. वळणावर भरधाव गाडीतील सामान जसे बाजूला फेकले जाते, तसे हवेतील जड कण वळणावर भिंतींवर आदळतात आणि तेथील चिकट आवरणास चिकटून बसतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे किंवा त्याहून मोठे कण बहुतांशी नाकातच अडतात. विषाणू स्वतः याहून कितीतरी लहान असतो. परंतु तो सहसा एकटा प्रवास करीत नाही. खोकल्यातून, शिंकेतून आणि नुसत्या बोलण्यातूनही उडणाऱ्या तुषारांवर स्वार होऊन तो येतो, आणि त्यांतील मोठे तुषार या पहिल्या चौकीवरच थांबतात. याच वळणांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यामुळे बाहेरची हवा, मग ती पौषातील पहाटेची असो की वैशाखातील दुपारची, घशापर्यंत पोचेतो उबदार आणि ओलसर झालेली असते.

भिंतींवर अडकलेल्या कणांची विल्हेवाट लावण्याची पद्धत तर विलक्षण आहे. नाकाच्या अस्तरातील पेशींवर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. शास्त्रीय परिभाषेत त्यांस पक्ष्माभिका म्हणतात. हे तंतू सेकंदाला दहाबारा वेळा एका तालात हलतात. त्यांच्यावर श्लेष्म्याचा, म्हणजे ज्याला आपण किळसेने शेंबूड म्हणतो त्याचा, पातळ थर पसरलेला असतो. वाऱ्याने डोलणाऱ्या ज्वारीच्या शेतासारखी या तंतूंची लाट उठते आणि तो थर मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे सरकत राहतो. नाकाच्या पुढील भागात अडकलेला कण अशा रीतीने दहा ते वीस मिनिटांत घशात पोचतो, नकळत गिळला जातो आणि जठरातील आम्लात बहुधा नष्ट होतो. ही पट्टी अहोरात्र चालू असते. तिचे अस्तित्व आपल्याला जाणवते ते ती बिघडल्यावरच.

हा श्लेष्मा म्हणजे निव्वळ चिकट पाणी नव्हे. त्यात जिवाणूंचे कवच फोडणारी विकरे असतात, विषाणूंना पेशींपर्यंत पोचू न देणारी प्रथिने असतात, आणि पूर्वीच्या संसर्गातून तयार झालेली प्रतिपिंडे असतात. रक्तातील प्रतिपिंडांहून यांची जात वेगळी आहे. ती अस्तरातील पेशींतून पाझरून श्लेष्म्यात उतरतात आणि विषाणूला दारातच चिकटून त्याची हालचाल थांबवितात. शिंक ही याच व्यवस्थेची धोक्याची घंटा होय. शुभकार्याला निघताना कोणी शिंकले तर आपल्याकडे तो अपशकुन मानण्याची चाल होती. शरीराच्या दृष्टीने मात्र शिंक म्हणजे नको असलेला पाहुणा बाहेर घालविण्याचा प्रयत्न आहे. अर्थात ती शेजाऱ्याच्या तोंडावर दिली गेली तर एकाची सुटका दुसऱ्याची आपत्ती ठरते.

घशातील चौक्या

नाकातून सुटलेल्या विषाणूस पुढे घशात तोंड द्यावे लागते. येथे टॉन्सिल, नाकामागच्या पोकळीतील अॅडेनॉइड आणि जिभेच्या मुळाशी असलेल्या गाठी मिळून रक्षक ऊतींचे एक कडेच बनले आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. अन्न आणि हवा या दोहोंचे मार्ग जेथे एकत्र येतात तेथेच हे कडे असावे, हा योगायोग नाही. आत येणाऱ्या प्रत्येक परक्या वस्तूचा नमुना या गाठी तपासतात आणि तिच्याविरुद्ध लढणाऱ्या पेशी घडवितात. लहान वयात हे काम सर्वांत जोरात चालते. म्हणूनच मुलांचे टॉन्सिल मोठे दिसतात आणि वाढत्या वयाबरोबर लहान होत जातात. एके काळी वारंवार घसा दुखणाऱ्या मुलाचे टॉन्सिल काढून टाकणे हा जवळजवळ शिरस्ता होता. २०१८ साली डेन्मार्कमधील सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बालपणी टॉन्सिल काढलेल्यांमध्ये पुढील आयुष्यात श्वसनमार्गाच्या वरच्या भागातील विकारांचे प्रमाण बरेच अधिक आढळले. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध होत नाही, आणि काही मुलांना शस्त्रक्रियेची खरोखरीच गरज असते, हेही खरे. परंतु चौकी उठविण्यापूर्वी तिचा उपयोग काय आहे हे पाहिले पाहिजे, एवढा धडा त्यातून नक्कीच मिळतो.

या साऱ्या अडथळ्यांतून पार होऊन विषाणू पेशीत शिरलाच, तर मग लढाई वेळेची होते. संसर्ग झालेली पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून आसपासच्या पेशींना सावध करते. आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोन शास्त्रज्ञांनी १९५७ साली लंडनमध्ये या द्रव्याचा शोध लावला. इशारा वेळेवर गेला तर शेजारच्या पेशी आपली दारे लावून घेतात आणि विषाणूची वाढ खुंटते. तो उशिरा गेला तर तोवर विषाणूच्या लक्षावधी प्रती तयार झालेल्या असतात. ब्रिटनमध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात करोना विषाणूचा अत्यल्प अंश सोडून एक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. सर्वांना सारखीच मात्रा मिळूनही त्यांतील सुमारे निम्म्यांनाच संसर्ग झाला. ज्यांना झाला त्यांच्या घशात विषाणू सुमारे ४० तासांनी दिसू लागला; नाकात तो थोडा उशिरा दिसला, परंतु तेथे त्याची संख्या घशाहून कितीतरी अधिक झाली. याच प्रयोगातील काही स्वयंसेवकांच्या पेशींची पुढे अधिक बारकाईने तपासणी झाली. ज्यांच्या नाकात रक्षक पेशी तत्काळ गोळा झाल्या त्यांच्यात संसर्ग टिकला नाही; ज्यांच्या नाकात त्या काही दिवस उशिरा पोचल्या त्यांच्यात तो रुजला, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत दिसून आले. म्हणजे एकाच घरातील, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन माणसांपैकी एक आजारी पडतो आणि दुसरा पडत नाही, यामागे केवळ नशीब नसते. नाकातील पहारेकरी किती लवकर जागे झाले यावरही ते अवलंबून असते.

करोनाच्या साथीत मुलांना हा रोग प्रौढांच्या मानाने सौम्य का होतो, या प्रश्नाचे एक उत्तरही नाकातच सापडले. बर्लिनमधील संशोधकांनी २०२१ साली दाखवून दिले की, मुलांच्या नाकाच्या अस्तरातील पेशी विषाणू ओळखण्याच्या कामी आधीपासूनच अधिक सज्ज असतात. पहिलीच्या वर्गात ज्यांची नाके बारा महिने वाहत असतात, त्या मुलांकडे त्रासिक नजरेने पाहणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इतिहासाची साक्ष

वेशीवरचा पहारा मोडला म्हणजे काय होते, याची आठवण महाराष्ट्राला एक शतकापूर्वीची आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझाचे पहिले रुग्ण आढळले आणि तेथून ही साथ लोहमार्गांनी देशभर पसरली. पावसाळ्यानंतरची तिची दुसरी लाट अतिभयंकर ठरली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. उपासमारीने खंगलेल्या शरीरांत रोगाला आयते रान मिळाले. हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. जगातील कोणत्याही देशाहून ही संख्या मोठी होती. मृतांपैकी बहुसंख्य लोक नाका-घशातील सर्दीने नव्हे, तर त्यानंतर फुप्फुसांत शिरलेल्या जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियाने दगावले. विषाणूने नाकापासून श्वासनलिकेपर्यंतचे अस्तर सोलून काढले आणि एरवी तेथे निरुपद्रवीपणे राहणाऱ्या जिवाणूंना आत जाण्यास वाट मोकळी झाली.

त्या वेळी या रोगाचे मूळ कोणालाच माहीत नव्हते. ते सापडावयास १९३३ साल उजाडले, आणि ते सापडले तेही घशाच्या व नाकाच्या वाटेनेच. लंडनमधील विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तीन संशोधकांनी रुग्णांच्या गुळण्यांचे पाणी बारीक गाळणीतून गाळून, मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट नावाच्या प्राण्याच्या नाकात थेंबाथेंबाने सोडले. जिवाणू गाळणीत अडकले होते. तरीही फेरेटांना ताप आला आणि त्यांची नाके वाहू लागली. पुढे असाच एक आजारी फेरेट स्मिथ यांच्या तोंडावर शिंकला आणि त्यांनाच इन्फ्लुएंझा झाला. त्यांच्या घशातून मिळालेला विषाणू नंतर कित्येक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांनी ओळखला जात असे. एका शिंकेने विषाणूशास्त्राला दिलेला हा पुरावा आजही पुरेसा बोलका आहे.

जालन्याची हवा

हा पहारा दुबळा होतो तो मुख्यतः तीन कारणांनी : कोरडेपणा, धूळ आणि धूर. दुर्दैवाने या तिन्ही गोष्टी जालना जिल्ह्यात विपुल आहेत. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर होती, आणि तिच्यातील पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहणारी होती. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि दुपारच्या हवेत ओलावा नावालाच उरतो. अशा हवेत नाकातील श्लेष्मा सुकतो, घट्ट होतो, आणि तंतूंची ती अखंड चालणारी पट्टी मंदावते. नाकात खपल्या धरणे, घोळणा फुटणे, या उन्हाळ्यातील नित्याच्या तक्रारी म्हणजे पहाऱ्यावर ताण पडल्याचीच चिन्हे होत. पुरेसे पाणी पिणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. पण ज्या जिल्ह्याने २०१२-१३ सालच्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या, तेथे पाणी ही साधी गोष्ट राहत नाही.

धुळीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. देशातील ज्या शहरांची हवा सलग पाच वर्षे ठरवून दिलेल्या मर्यादेत राहू शकली नाही अशा शहरांची त्यासाठी यादी करण्यात आली, आणि तीत मुंबई, पुणे, नागपूर यांच्या पंक्तीला जालन्याचेही नाव आले. पोलादाच्या भट्ट्या, सळयांचे कारखाने, कापसाच्या जिनिंग, सतत उखडलेले रस्ते आणि त्यांवरून धावणारी जड वाहने यांनी शहराला रोजगार दिला, त्याबरोबर ही कीर्तीही दिली. मोठे धूलिकण नाक अडविते, परंतु अडविण्यालाही मर्यादा असते. सतत माऱ्याखाली असलेल्या अस्तराला सूज येते, त्यातील तंतुमय पेशी झडतात आणि त्यांची जागा नुसता श्लेष्मा ओतणाऱ्या पेशी घेतात. मग नाक चोंदते. पण साफ होत नाही. अडीच मायक्रॉनहून लहान कण तर या चौकीला चुकवून थेट फुप्फुसांत उतरतात. भट्टीपाशी उभा राहणारा कामगार, जिनिंगमध्ये कापसाच्या तंतूंत दिवसभर वावरणारी मजूर बाई, रस्त्याकडेचा हातगाडीवाला, यांचा हा पहारा दर दिवशी थोडा थोडा झिजत असतो. साथ येते तेव्हा प्रथम तेच आजारी पडतात आणि लोक म्हणतात, त्यांनी काळजी घेतली नाही.

धूर हा खेड्यातील घरोघरचा प्रश्न. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅसची टाकी पोचली, ही गोष्ट लहान नाही. परंतु टाकी पोचणे निराळे आणि ती पुन्हा पुन्हा भरून आणणे परवडणे निराळे. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या फुकट मिळतात. म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर अशी वाटणी कित्येक घरांत दिसते. चुलीच्या धुराने नाकाच्या अस्तरातील तंतूंची हालचाल मंदावते. चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या कडेवर जे मूल असते, त्याला तो धूर सर्वांत अधिक बाधतो. कारण त्याचे श्वसनमार्ग अरुंद आणि श्वासाची गती जलद असते. विडी-सिगारेटचा परिणाम हाच. तपकिरीची चिमूट नाकात कोंबून 'डोके हलके झाले' असे समजणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. तंबाखू ज्या अस्तरावर पडते त्याला ती अपाय करते, मग ते तोंडातील असो वा नाकातील.

दंडातील लस आणि नाकातील लस

करोनाच्या साथीत लस घेऊनही सर्दी-ताप का येतो, असा प्रश्न अनेकांनी विचारला आणि काहींनी त्यावरून लस निरुपयोगी असल्याचा निष्कर्षही काढला. या प्रश्नाचे उत्तर समजण्यास वेस आणि गाव यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. दंडात टोचलेल्या लशीने प्रतिपिंडे मुख्यतः रक्तात तयार होतात. रक्तातून ती फुप्फुसांपर्यंत चांगली पोचतात. म्हणून लसवंतांना गंभीर न्यूमोनियापासून संरक्षण मिळते. नाकाच्या अस्तरावर मात्र ती अल्प प्रमाणातच उतरतात. त्यामुळे विषाणू वेशीवर काही दिवस धुमाकूळ घालतो, इतरांकडे पसरतोही, पण गाव लुटू शकत नाही. लसवंताला आलेली चार दिवसांची सर्दी हा लशीच्या अपयशाचा पुरावा नव्हे. रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही, हे तिचे यश आहे. २ जानेवारी २०२१ रोजी राज्यात करोना लसीकरणाची रंगीत तालीम झाली, तेव्हा निवडलेल्या चार जिल्ह्यांत पुणे, नागपूर, नंदुरबार यांच्यासह जालना होता. त्यानंतर जिल्ह्यातील लाखो लोकांनी घेतलेली लस या अर्थाने गावाचा तट होती.

वेशीवरच पहारा बसविणारी लस शोधण्याचे प्रयत्न महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्ल्यूची साथ आली आणि देशातील पहिला मृत्यू तेथे झाला. त्यानंतर २०१० साली पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने या रोगावर नाकात फवारण्याची लस बाजारात आणली. पुढे हैदराबादच्या भारत बायोटेकने करोनावर नाकात थेंब सोडून द्यावयाची लस तयार केली. २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि २६ जानेवारी २०२३ रोजी ती जाहीर करण्यात आली. साथ ओसरल्यानंतर आल्याने तिचा प्रसार फारसा झाला नाही, आणि अशा लशींनी मिळणारे संरक्षण किती काळ टिकते हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे अजून आहे. परंतु त्यामागील तत्त्व आपल्याकडील प्रत्येक आईला ठाऊक आहे. पोलिओचा विषाणू तोंडावाटे आतड्यात जातो, म्हणून त्यावरचा डोसही तोंडातच दिला गेला, आणि त्याच थेंबांच्या बळावर २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. शत्रू ज्या वाटेने येतो त्या वाटेवर चौकी बसवावी, हे सूत्र श्वसनाच्या विषाणूंनाही लागू पडते.

घरगुती उपाय : खरे आणि खोटे

नाकाची निगा राखण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. योगशास्त्रातील जलनेती, आयुर्वेदातील नस्य, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या हे उपाय घरोघरी ठाऊक आहेत. यांपैकी काहींना आधुनिक पाहणीने आधार मिळू लागला आहे. जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ३८७ व्यक्तींच्या पाहणीत, साध्या पाण्याने रोज गुळण्या करणाऱ्यांत सर्दी-पडशाचे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक कमी आढळले. जंतुनाशक घातलेल्या पाण्याने तेवढाही लाभ झाला नाही. ब्रिटनमध्ये सुमारे १४ हजार प्रौढांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सर्दीची चाहूल लागताच नाकात मिठाच्या पाण्याचा फवारा मारणाऱ्यांचे आजारपणाचे दिवस सुमारे एकपंचमांशाने घटले, आणि प्रतिजैविकांचा वापरही कमी झाला. मात्र नेतीसाठी पाणी उकळून गार केलेलेच हवे. अशुद्ध पाण्यातील एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून प्राणघातक ठरू शकतो. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर लहान मुलाचे डोके धरून वाफारा देणेही टाळावे. वाफेने विषाणू मरत नाही आणि भांडे कलंडले तर मूल भाजते.

याहून अधिक हानी होते ती दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या औषधांनी. चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंब आठवड्यापलीकडे वापरले तर नाक त्यांच्या आहारी जाते आणि पूर्वीपेक्षा अधिक चोंदू लागते. शेंबूड पिवळा-हिरवा झाला की प्रतिजैविक हवे, ही तर सार्वत्रिक समजूत. तो रंग मुख्यतः लढून मेलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. विषाणूंवर प्रतिजैविकाचा काडीइतका परिणाम होत नाही; उलट नाका-घशात राहणाऱ्या जिवाणूंत औषधाला न जुमानणारे वाण तेवढे वाढतात. झोपेचे महत्त्व मात्र कोणी फारसे सांगत नाही. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडण्यात आले. सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना आठ तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट प्रमाणात सर्दी झाली. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्याने आणि मार्चअखेरचे हिशेब रात्री उशिरापर्यंत पुरे करणाऱ्या कारकुनाने यातून आपला बोध घ्यावा.

शाळा, कचेरी आणि सरकार

'नाक दाबले की तोंड उघडते' ही म्हण व्यवहारात आहे. वर्गात ती अक्षरशः खरी ठरते. अॅडेनॉइड वाढल्यामुळे ज्याचे नाक चोंदलेले असते ते मूल तोंडाने श्वास घेते. तोंडाने घेतलेली हवा नाकासारखी गाळली जात नाही, तशी ती उबदार वा ओलसरही होत नाही; म्हणजे वेशीला वळसा घालून शत्रूसाठी चोरवाट उघडी राहते. अशा मुलाची झोप नीट होत नाही, पुष्कळदा कानात पाणी साचून ऐकूही कमी येते, आणि शिक्षक त्याला मठ्ठ ठरवून मोकळे होतात. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतून मुलांची तपासणी होते. सदा उघड्या तोंडाचे, घोरणारे, हाक मारल्यावर न वळणारे मूल शिक्षकाने त्या पथकास आवर्जून दाखवावे. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या नाक-कान-घसा विभागाने मंठा, जाफराबाद, घनसावंगी अशा दूरच्या तालुक्यांतील शाळांकडे वळावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

वर्गाच्या आणि कचेरीच्या खिडक्या उघड्या ठेवणे, सर्दी झालेल्याने मुखपट्टी लावणे, शिंकताना हाताच्या तळव्याऐवजी कोपराची आड घेणे, या गोष्टींना पैसे पडत नाहीत. सर्दी-तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत कर्मचाऱ्याला घरी राहू देणे ही चैन नसून संपूर्ण कचेरीचे दहा दिवस वाचविण्याची युक्ती आहे, हे वरिष्ठांनी मान्य केले पाहिजे. पण धुळीने भरलेला रस्ता एकटा नागरिक झाडू शकत नाही, भट्टीची धुराडी एकटा कामगार गाळू शकत नाही आणि टाकीचा भाव एकटी गृहिणी उतरवू शकत नाही. त्या गोष्टी नगरीच्या कारभाराच्या, कारखानदारांच्या आणि सरकारच्या आहेत. शुद्ध हवेच्या यादीत शहराचे नाव आले म्हणून मिळणारा निधी केवळ यंत्रे विकत घेण्यात जिरला की हवा खरोखर निवळली, हे विचारण्याचा हक्क जालन्याच्या नागरिकांना आहे.

श्वसनाचे विषाणू पुन्हा येणार, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद नाही. मतभेद असेल तो केव्हा याविषयी. त्या दिवसासाठी खाटा, प्राणवायू आणि लशी यांची तयारी हवीच. परंतु साथीतील बहुसंख्य माणसे रुग्णालयाच्या दारात न जाताच वाचतात, आणि त्यांना वाचविणारा पहारेकरी प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मध्यभागी उभा आहे. त्याला स्वच्छ हवा, थोडे पाणी आणि पुरेशी झोप एवढाच शिधा लागतो. तो त्याला मिळू देणे वा न देणे, हे मात्र समाजाच्या हाती आहे.